बाळाबाईचं चित्र

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२४

ति. आक्कास,
सप्रेम जय भीम.

फोन लावला की तू "ऐकू येत न्हाय, पत्र टाक" म्हणून ठेवून देतेस. घे, टाकलं पत्र. पोस्टात आंतर्देशीय मागितलं तर तिथला पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला की मी तार करायला आलोय.

एसटीच्या वर्कशॉपमधून सुटल्यापासून मी घरात कुणाला नको झालोय हे तुला माहीत आहेच. नातीनं मात्र कामाला लावलं. साक्षीला कॉलेजात जिल्ह्यातल्या लहान लहान संग्रहालयांवर काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिला स्कूटरवर नेणारा ड्रायव्हर मी. तिचं लिहून झालं, मार्क पण पडले, पण मला नाद लागला तो लागलाच. आता एकटाच जातो. कुठं कुणा पैलवानाची गदा, कुठं कुणा मास्तरांचा चष्मा काचेत ठेवलेला. आत कुत्रं नसतं. राखणदाराला कुणीतरी आल्याचाच एवढा आनंद होतो की तो पंखा लावतो.

आता मुद्द्याचं लिहितो. मंगळवार पेठेत कै. आण्णासाहेब मुळीक म्हणून चित्रकार होते. त्यांच्या घराच्या खालच्या खोल्यांत त्यांची चित्रं मांडली आहेत. त्यांची नातसून वर्षाराणी म्हणून आहेत, त्या सांभाळतात. चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. परवा बोलता बोलता म्हणाल्या, आण्णा पैसेवाल्या बायकांना कधी समोर बसवायचे नाहीत, समोर बांधकाम चालायचं तिथल्या मजूर बायकांना बोलवायचे. त्यातली एक बाळाबाई म्हणून होती, तिच्यासारखं स्थिर कुणी बसायचं नाही.

आक्का, मी कपबशी खाली ठेवली. आपली आई बाळाबाई. आपली आई बांधकामावर विटा वाहायची हे तूच मला सांगितलंयस. मी दोन वर्षांचा असताना ती गेली. घरात एक फोटो नाही. सदुसष्ट वर्षांचा झालो, मला माझ्या आईचं तोंड माहीत नाही. मरायच्या आधी एकदा बघायचं आहे, बास, दुसरं काही नको.

तर सांग. आई कधी चित्रकारापुढं बसली होती का?

तुझा,
नागसेन

गगनबावडा
२३ ऑगस्ट २०२४

चि. नागू यास,
जय भीम. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चित्रकार-बित्रकार काय न्हाय. बाळाबाई नावाच्या तवा कोल्हापुरात पायलीला पन्नास हुत्या. आई सकाळी घमेलं घिऊन जायची आन दिवस बुडाल्यावर यायची, तिला कोण बसाय सांगतंय? तुला वयानुसार कायतरी सुचाय लागलंय. गुडघ्याला तेल लाव आन घरात गप बस.

हितं पावसानं अंथरुणं सुदिक वाळंनात. भात बरं हाय. थोरल्याची म्हस व्यायली, रेडकू झालं.

साक्षीला शिकीव. तिला ड्रायव्हरकी शिकवू नगो, पुस्तकं शिकीव.

त्या बाईनं तुला कुठलं चित्र दाखीवलं ते लिहिलं न्हाईस.

तुझी,
आक्का

राजारामपुरी
२४ सप्टेंबर २०२४

ति. आक्कास,
जय भीम.

"चित्रकार-बित्रकार काय न्हाय" म्हणतेस आणि शेवटी विचारतेस, कुठलं चित्र दाखवलं. म्हणजे तुला काहीतरी माहीत आहे. मी गाडीचं इंजिन ऐकून आतलं दुखणं ओळखणारा माणूस, मला काय फसवतेस?

वर्षाराणींना मी विचारलं, मजूर बायकांची चित्रं कुठायत? त्या म्हणाल्या, बरीचशी विकली गेली, एक जयसिंगपुरात आहे. गेलो की लगेच एसटीनं. तिथं एका वाचनालयाच्या माडीवर गावाचं संग्रहालय केलंय. जुने तराजू, मापं, पेठेचे फोटो आणि भिंतीवर एकच मोठं तैलचित्र. खाली लिहिलंय, 'वीट वाहणारी'.

आक्का, मी बघितलं आणि खाली बसलो. तरणी बाई, डोक्यावर घमेलं, एक हात वर, कमरेला पदर खोचलेला, डोळ्यावर ऊन. तिथले हंबीरराव म्हणून ग्रंथपाल आहेत, ते धावत आले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, पावणं, ही माझी आई आहे. त्यांनी खुर्ची आणून दिली.

तेव्हापासून दर गुरुवारी जातो. घरी सांगतो दवाखान्यात चाललोय. तिच्यापुढं बसतो आणि बोलतो. म्हणजे मनातच. नोकरी लागली तेव्हाचं सांगितलं, घर बांधलं ते सांगितलं, पोरानं नाव काढलं ते सांगितलं. हसू नकोस. दुसऱ्या पोरांनी ज्या गोष्टी आईला चुलीपुढं बसून सांगितल्या, त्या मी आता सांगतोय.

साक्षीकडून फोटो काढून मोठा करून सोबत पाठवलाय. तू एवढंच लिही, 'व्हय'. मला बाकी काही नको.

तुझा,
नागसेन

गगनबावडा
५ ऑक्टोबर २०२४

चि. नागू यास,
जय भीम.

फोटो माघारी धाडलाय. ही कोण बया आणलीस आई म्हणून? आई डावरी हुती. घमेलं डाव्या हातानं धरायची, भाकरी डाव्या हातानं थापायची, मला फटका बी डाव्या हातानंच मारायची. ही उजवा हात वर करून हुबी हाय. तिच्या हनुवटीवर गोंदलंय. आईनं कवा गोंदून घेतलं न्हाय. तू महिनाभर परक्या बाईला घरचं सांगत बसलास व्हय रं? मला राग आला, मग रडू आलं. 

आता सांगतो. सांगणार न्हवतो.

आई बसलीती चित्राला. तुझा जल्म व्हायच्या आदी. त्या आण्णा पेंटरनं तिला ईट वाहणारी न्हाय केली, त्यानं तिची लक्ष्मी केली. कमळात बसीवली, अंगावर दागिनं घातलं, मागं हत्ती काढलं. त्येचं क्यालेंडर निघालं. सगळ्या पेठंत तेच. आपल्या तात्यांनी एक आणून घरात टांगलं. आमी पोरं हसायचो, आई बी हसायची. ज्या घरच्या बायका तिला वरनं पाणी वतायच्या, त्याच सकाळी उठून तिला उदबत्ती ओवाळायच्या. लई हसायची ती ह्या गोष्टीला.

मग छप्पन साल आलं. बाबासायबांनी नागपुरात दीक्षा दिली आन आपल्या गल्लीत बी धम्म घेतला. तू पोटात हुतास. समद्यांनी घरातलं देव काढलं आन पंचगंगेत सोडलं. तात्या लक्ष्मीपाशी थांबलं. म्हणालं, हे ऱ्हाऊ दे, ही तर तूच हाईस. आईनं सोताच्या हातानं खिळ्यावरनं काढलं. म्हणाली, "बघणाऱ्याला काय म्हाईत ही मी हाय का लक्ष्मी? दिला शबूद तो दिला. आन मी हाय की जित्ती घरात, कागद कशाला बघाय पायजे?"

दोन-तीन वर्सांत गेली की रं ती.

आता फुडचं. तुला वाण्याच्या दुकानाची याद हाय का? तुझं बोट धरून मी जायचो आन तुला भायेर हुबा करायचो. आत गल्ल्याच्या वर आई हुती. मीठ पायजे असलं की मी म्हणायचो मी आणतो, काडेपेटी पायजे असली की मी आणतो. चार जिनसा असल्या तर चार येळा जायचो. वाणी वरडायचा, एकदम का नेत न्हाईस म्हणून. तुला आत नेला न्हाय कारण तुला कळलं असतं तर तू 'आई' म्हणून हाक मारली असतीस आन दोघांस्नी हाकलून दिलं असतं.

मग एका दिवाळीला वाण्यानं नवं क्यालेंडर लावलं, दुसऱ्या कुठल्या बाईचं. मी दुकानातच बसलो. मला त्या दिवशी आई मेल्यागत झालं, पयल्यांदा न्हवतं झालं तेवढं.

तू मोठा झाल्यावर सांगायचं म्हटलं, तर तू असला कडक. दर दिवाळीला दुकानदारास्नी क्यालेंडर माघारी देतोस, "बिनदेवाचं हाय का?" म्हणून. घरात लक्ष्मी दिसली की मान फिरवतोस. त्यातल्या किती येळा तू आईवरनं मान फिरवलीस कुणास ठाऊक. हे तुला कसं सांगू? तुझं काय चुकलं न्हाय, नागू. तू आईनं दिलेला शबूदच पाळतोयस.

तुझी,
आक्का

राजारामपुरी
१० ऑक्टोबर २०२४

ति. आक्कास,
जय भीम.

पत्र वाचून तसाच स्कूटर काढून मंगळवार पेठेत गेलो. दुपारची वेळ, दार बंद. मी बेल सोडलीच नाही. वर्षाराणी घाबऱ्या होऊन आल्या. मी म्हटलं, लक्ष्मी बघायची आहे.

त्या म्हणाल्या, "काका, ती खोली सोडूनच तुम्ही बसायचा. मला वाटलं तुम्हाला देवादिकांची चित्रं आवडत नाहीत, म्हणून मी दाखवली नाही." खरं आहे गं. बाहेरच्या बाकावर त्या खोलीच्या दाराकडं पाठ करून मी चहा प्यायचो. आई पाठीमागं आणि मी वर्षाराणींना विचारतोय, मजूर बायकांची चित्रं कुठायत! त्याही बिचाऱ्या मजूर बाईचं चित्र शोधून देत होत्या, कारण मी तेच मागत होतो.

चित्र माझ्याएवढ्या उंचीचं आहे. लाल शालू, कमळ, हत्ती, सगळं तू म्हणतेस तसं. कपाळ रुंद. खालचा ओठ जरा बाहेर, साक्षी रुसली की तिचा असतो तसा. पायाला मात्र आण्णांनी हात लावलेला नाही. कमळावर टेकलेल्या टाचांना भेगा आहेत. वर्षाराणी म्हणाल्या, छापखान्यानं कॅलेंडर करताना भेगा बुजवल्या, मूळ चित्रात आण्णांनी त्या जाणूनबुजून ठेवल्या. बाकीची लक्ष्मी, पण पाय बाळाबाईचेच राहू द्यायचे होते म्हणे त्यांना.

चौकटीला कुणीतरी हळद-कुंकू लावलंय. येणाऱ्या बायका लावतात. मी समोर उभा, आणि हात कुठं ठेवायचे ते कळेना. जोडावे तर लक्ष्मीला जोडल्यागत, न जोडावे तर आईपुढं ताठ उभं राहिल्यागत. शेवटी खिशात घातले. असला अवघडलो होतो की वर्षाराणी आत निघून गेल्या.

पण आक्का, एक सांगतो, चिडू नकोस. मला रडू आलं नाही. त्या वीट वाहणारीपुढं आलं होतं, हिच्यापुढं आलं नाही. मी परक्या बाईला महिनाभर आई म्हटलं, आता माझ्यावरच माझा भरवसा नाही. वर्षाराणी तेव्हा जन्मल्या नव्हत्या, त्यांनी आपलं ऐकलेलं सांगितलं. हे आईचं तोंड आहे असं सांगू शकणारं ह्या जगात एकच माणूस उरलंय, ते म्हणजे तू.

साक्षी जाऊन फोटो काढून आणते म्हणत होती, मीच अडवलं. पोस्टानं तुझ्या घरी लक्ष्मी येणार, तू ती ठेवायची कुठं आणि फाडायची कशी? म्हणून तूच ये. बघ आणि सांग. म्हणजे मला एकदा आई म्हणता येईल.

तुझा,
नागसेन

गगनबावडा
२१ ऑक्टोबर २०२४

चि. नागू यास,
जय भीम.

मी येत न्हाय. गाडी धाडू नगो.

गुडघ्याचं सांगून सुटलो असतो, पर तुझ्यासंगट खोटं आता बास झालं. मला आईचं तोंड आठवत न्हाय. डोळं मिटलं की दुकान दिसतंय, गल्ला दिसतोय, वाण्याची टोपी दिसती, उदबत्तीचा धूर दिसतोय. तोंड दिसत न्हाय. कवा गेलं ते बी कळलं न्हाय. पोरंबाळं झाली, शेण काढलं, भात लावलं, त्यातच कवातरी गेलं.

डावा हात आठवतोय. आवाज आठवतोय. पर तोंड म्हणशील तर न्हाय.

मी आलो आन मला वळखू आली न्हाय तर? तुला आई मिळायची न्हाईच, आन माझ्याजवळ हाय म्हणून मी जी समजत आलो ती बी जायाची. तू म्हणतोस जगात एकच माणूस उरलंय. त्या माणसाला भ्या वाटतंय रं.

तुझी,
आक्का

राजारामपुरी
२६ ऑक्टोबर २०२४

ति. आक्कास,
जय भीम.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी सकाळी मी आणि साक्षी गाडी घेऊन येतोय. तयार राहा. वर्षाराणींना सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला आत घेणार नाहीत.

ओळखू आली नाही तर मिसळ खाऊ आणि तुला घरी परत सोडू. इतकी वर्षं मला आई नव्हती, तू होतीस. त्यात काही कमी पडलं असं मी कधी म्हटलं का?

नागसेन

गगनबावडा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. नागू यास,
जय भीम. अनेक आशीर्वाद.

तू रुसलास, मला म्हाईत हाय. चित्रापुढं तू इचारत ऱ्हायलास, "आक्का, हीच का?" मी बोललो न्हाय. गाडीत साक्षीनं कानाला तोंड लावून इचारलं तरी बोललो न्हाय. घाट चढून घराम्होरं गाडी थांबली तवा तू नुसतं "येतो" म्हणालास आन मागं बघितलं न्हाईस. तुला वाटलं मला वळखू आली न्हाय.

ती आईच हाय, नागू. दारातच वळखली. त्या बाईनं दिवा लावायच्या आदीच वळखली. तोंड आठवत न्हाय म्हणत हुतो, ते आठवाय लागतच न्हाय, समोर आलं की कळतंय. तू आता खुशाल आई म्हण.

पर मी गप का बसलो ते सांगतो. मी आईकडं निघालतो. रातभर मनात जुळवाजुळव केलती. तिला म्हणणार हुतो, मला बारा वर्सांची टाकून गेलीस. नागूला कडंवर घिऊन मी शाळा सोडली. तो रातीचा रडायचा तवा मी तुझं लुगडं अंगावर घिऊन निजायचो, त्येला तू हाईस असं वाटावं म्हणून. लगनात मला कुणी जवळ घेतलं न्हाय. लई बोलणार हुतो. मोठं माणूस पुढं बसलंय, आपण मांडीवर डोकं ठिवायचं, असं वाटत हुतं मला, सत्त्याहत्तर वर्सांच्या थेरडीला.

आन बघतो तर काय, पोर हाय रं ती. आपल्या साक्षीपरास चार-दोन वर्सांनी मोठी असंल-नसंल. दिवसभर इटा वाहून दमल्याली, कुणीतरी बस म्हटलं म्हणून बसल्याली. दागिनं घालून अवघडल्याली. ह्या पोरीला मी भांडणार? हिला काय म्हणू, मला का टाकून गेलीस? हिलाच अजून कुणीतरी सांभाळाय पायजे हुतं. माझं डोकं तिच्या मांडीवर न्हाय, तिचं माझ्या मांडीवर घ्यावं असं झालं. तुझ्यापुढं आन नातीपुढं हंबरडा फुटला असता, म्हणून दात आवळून हुबा ऱ्हायलो.

वर्षाराणी तसबीर देतो म्हणत हुत्या. घिऊ नगो. आईनं ती सोताच्या हातानं काढलीया, तिचा शबूद आपण मोडायचा न्हाय. पर खाली आईचं नाव लिव्हाय सांग. लक्ष्मी म्हणून कुंकू लावणारीला कळू दे कुणाला लावतीया ते. आन तू जात जा. जयसिंगपूरच्या त्या बयेला जे सांगितलंस ते सगळं हिला परत सांग. दवाखान्याचं खोटं सांगून जाऊ नगो, घरात सांगून जा, आईकडं चाललोय म्हणून.

तू आन साक्षी भायेर चपला घालत हुता तवा मी परत आत गेलतो. तुला वाटलं पिशवी इसरलो. पिशवी हातातच हुती. जवळ गेलो. आई म्हणायचं म्हणून गेलतो, पर तोंडातनं ते आलंच न्हाय.

"पोरी," म्हणालो, "लई येळ बसलीस. ऊठ आता, भाकरी खाऊन घे."

तुझी,
आक्का